सुटलेली ओळ

माझ्या आजीला वाचता येत होतं, पण मी कळत्या वयाची झाले तेव्हा ती वाचत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनला ती काही केल्या तयार नव्हती. तरी रोज दिवेलागणीला पवित्र शास्त्र मांडीवर उघडून बसायची, पानावरून बोट फिरवायची आणि म्हणत सुटायची. पुष्कळदा पान भलतंच असे. ओठांवर तेविसावं स्तोत्र आणि बोट लेवीयातल्या अर्पणांवरून चाललेलं. मला ते दिसायचं, कारण तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी मीच. पण मी कधी सांगितलं नाही. पान कुठलंही असो, शब्द आपापल्या जागी बरोबर पडत होते.

आमचं घर अहमदनगरचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडी जुनंच बसलंय, तेवढं चालवून घ्या. अमेरिकन मराठी मिशनची माणसं गावात आली १८३१ साली. त्यांच्या शाळा, वसतिगृहं आणि मंडळ्या यांच्या आसऱ्यानं जी वस्ती वाढली, तिच्यातले आम्ही. माळवदाची घरं, पुढं लिंबाचं झाड, मागं कोंबड्यांचं खुराडं. संध्याकाळी एका घरातलं गीत संपतं न संपतं तोच शेजारच्या घरातलं सुरू व्हायचं. आमच्याकडं शास्त्रवाचन आणि प्रार्थना झाल्याशिवाय ताट मांडायचं नाही असा नियम होता. चुलीवर हुलग्याचे शेंगोळे रटरटत असले, लसणाचा वास घरभर सुटलेला असला, की आज आजीला एकशे एकोणिसावं स्तोत्र आठवू नये अशी मी मनातल्या मनात विनवणी करी. त्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत. आजी त्यातलं एखादंच कडवं म्हणून थांबेल तर शपथ! भुकेनं मी चुळबुळ केली की तिचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा. “पोटाला उद्याबी लागंल. हे आत्ता ऐक.”

ते पुस्तक काळ्या पुठ्ठ्याचं, जाडजूड, कडा झिजून मऊ झालेल्या. कसर लागू नये म्हणून पानापानांत लिंबाचा पाला. ते ठेवायला जुन्या लुगड्याचा शिवलेला बस्ता होता. शेवटच्या कोऱ्या पानांवर घराण्याची सगळी दप्तरं होती: कुणाचा जन्म कधी, बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत, कोण प्लेगात गेलं, कुठली गाय किती रुपयांना घेतली. दोन-तीन हस्ताक्षरं मोडी वळणाची, ती आम्हाला लागत नसत. एका नावापुढं फक्त एक फुली आहे. ती कोण, हे आजीलाही सांगता आलं नाही, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

म्हणताना आजीची एखादी ओळ सुटायची. वय झालं होतं. मग चुलीपुढं भाकरी थापणारी आत्या, मान न वळवता, तिथूनच ती ओळ टाकायची. आजी ती उचलायची आणि पुढं जायची. कुणी चुकलं, कुणी दुरुस्त केलं असं त्यात काही नव्हतंच. पुढं आत्याची ओळ सुटायला लागली तेव्हा ती टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी कधी बसून पाठांतर केल्याचं मला आठवत नाही. शब्बाथशाळेत वचनं पाठ करावी लागत, बक्षीस म्हणून रंगीत चित्राचं कार्ड मिळे, ते खरं. पण घरातलं जे अंगात मुरलं ते शेंगोळ्यांच्या वासाबरोबरच मुरलं असणार.

आजीनं हे शास्त्र कुणाकडून घेतलं? तिच्या आजीकडून. आणि तिला तर अक्षरओळखही पुष्कळ उशिरा झाली.

आजीची आजी महारवाड्यातली. हे आमच्या घरात कधी लपवलं गेलं नाही, उलट मुद्दाम सांगितलं जाई. पोथीला शिवणं सोडाच, ती वाचली जात असताना देवळाच्या पायरीपासूनही लांब उभं राहायचं अशा घरातली ती. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती लेकुरवाळी होती. त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात खेडोपाडी खूप माणसं मंडळीत आली. पोटासाठी आली असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आजीचं उत्तर ठरलेलं असे. दुष्काळ सरला, धान्य वाटणं बंद झालं, तरी ती माणसं परत का नाही गेली, ते सांगा. यावर मला आजवर कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

आजीच्या आजीनं हे शास्त्र पहिल्यांदा ऐकलं ते कीर्तनात. नगरच्या मंडळीत कृष्णरावजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची चाल घातली होती. टाळ, मृदंग, झांजा, पूर्वरंग-उत्तररंग सगळं आपल्याच वळणाचं, आणि आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं. ते कीर्तन सांगळ्यांचंच होतं की त्यांच्या एखाद्या शिष्याचं, आणि गाव वडाळा की शेवगावकडचं, याबद्दल आजी दर वेळी निराळं सांगायची. पण एक गोष्ट कधी बदलली नाही. कीर्तन संपल्यावर तिच्या आजीनं विचारलं होतं, “ही पोथी आम्ही हातात घेतली तर चालंल का?” आणि कुणीतरी ती तिच्या हातात दिली. ती उलटी धरली होती म्हणे. वाचता कुठं येत होतं!

मग बायबल-बाई यायला लागली. या बायांवर कुणीतरी मोठा ग्रंथ लिहायला हवा. नऊवारी नेसलेल्या, खांद्याला पिशवी, पायात बऱ्याचदा वहाणही नाही. दारोदार जाऊन ओट्यावर बसायच्या, धान्य निवडू लागायच्या आणि निवडता निवडता गोष्ट सांगायच्या. दुसऱ्या खेपेला तीच गोष्ट समोरच्या बाईकडून वदवून घ्यायच्या. आजीच्या आजीनं मार्काचं शुभवर्तमान असं तोंडी घेतलं आणि मग त्याच शुभवर्तमानावरून अक्षरं गिरवली. काय लिहिलंय ते आधीच पाठ, फक्त ते कुठं लिहिलंय ते शोधायचं.

मी स्वतः या शास्त्राची ताकद पाहिली ती १९७२ च्या दुष्काळात. तेव्हा मी शाळकरी होते. विहिरी आटल्या, जनावरं छावणीला गेली, आणि जिकडंतिकडं सरकारी दुष्काळी कामं निघाली. आमच्या नात्यातल्या बायका पाझर तलावाच्या कामावर होत्या. सुट्टीत मला आजीबरोबर त्या गावी पाठवलं. आजीला खडी फोडणं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून ती बाभळीच्या विरळ सावलीत तान्ही लेकरं सांभाळायची. खायला मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. मुलांना सुकडी मिळायची. ती मला आवडायची, हे मोठ्या माणसांपुढं बोलायची सोय नव्हती.

दुपारच्या सुट्टीत बायका सावलीला यायच्या. सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या. आणि आजी सारफथच्या विधवेची गोष्ट सांगायची. राजांच्या पहिल्या पुस्तकात सतराव्या अध्यायात ती आहे. देशात पाऊस नाही. एलीया संदेष्टा वेशीपाशी येतो, तिथं एक विधवा काटक्या वेचते आहे. तो पाणी मागतो, ती आणायला निघते, तोच तो भाकरीही मागतो. तिच्याकडं मूठभर पीठ आणि चार थेंब तेल. तेवढं रांधायचं, आपण आणि लेकरानं खायचं आणि मग मरणाची वाट पाहायची, असं तिचं ठरलेलं. आजी सांगताना ते पीठ बाजरीचं व्हायचं आणि काटक्या तुरकाट्या व्हायच्या. बायका हातातलं फडकं तसंच धरून ऐकायच्या, कारण त्यांच्याही मडक्यात तेवढंच होतं. पाहुण्याला आधी द्यायचं की लेकराला, यावर एकदा तिथं चांगलंच भांडण जुंपलं. एक वंजारीण म्हातारी म्हणाली, “मी तर नसतं दिलं.” आजी म्हणाली, “मीबी नसतं दिलं. म्हणून तर तिची गोष्ट लिवून ठिवलीय.”

मडक्यातलं पीठ पाऊस येईपर्यंत पुरतं, हे ऐकल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला: पाऊस कधी आला? आजी म्हणायची, पुढच्या अध्यायात. उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी ती कर्मेल डोंगर, समुद्राकडं पाहायला सात वेळा धाडलेला चाकर आणि तळहाताएवढा ढग सांगायची. काही बायका त्या गोष्टीसाठी जेवणाआधीच येऊन बसत. १९७३ ला पाऊस चांगला झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, एस.टी. स्टँडवर एक अनोळखी बाई माझ्या आत्याला म्हणाली होती की तुमची म्हातारी त्या मडक्याची गोष्ट सांगायची ना, मी माझ्या नातवंडांना सांगते. तिच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र. तिच्या घरी आमचं पुस्तक कधी गेलं नसेल, पण गोष्ट जाऊन पोचली होती.

आजोबांचं शास्त्राशी नातं वेगळ्याच बाजूनं जडलेलं. ते छापखान्यात खिळे जुळवणारे. जोडाक्षरांमुळं मराठीच्या खिळ्यांची केस केवढी तरी मोठी, तिच्यातल्या खणाखणातून त्यांचा हात न बघता फिरायचा. उलटी अक्षरं ते सुलटीसारखी वाचत. नखांत शाई कायमची. रविवारी उपासनेला जाताना लिंबानं बोटं घासायचे तरी ती जात नसे. पवित्र शास्त्र हे त्यांच्या लेखी सगळ्यात आधी छपाईचं काम होतं, आणि ते कसकसं छापत आलं याच्या गोष्टी त्यांच्याकडं खंडीभर. सालं मागंपुढं व्हायची. मी ती पुढं ताडून पाहिली, ती अशी.

बंगालात सेरामपूरला विल्यम कॅरीनं वैजनाथ नावाच्या पंडितांच्या मदतीनं मराठी भाषांतर हाती घेतलं. १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान निघालं, १८११ साली नवा करार. १८१२ च्या मार्चमध्ये तिथल्या छापखान्याला आग लागली आणि कागद, खिळे, कितीएक हस्तलिखितं एका रात्रीत गेली. आजोबा हे सांगताना गप्प व्हायचे, आपलाच छापखाना जळाल्यासारखे. मग सांगायचे की वितळलेलं शिसं उकरून काढलं आणि त्याचेच पुन्हा खिळे ओतले. इकडं मुंबईत अमेरिकन मिशननं १८१३ पासून पाय रोवले होते. त्यांच्यातला गॉर्डन हॉल मराठी उत्तम शिकला, भाषांतराला खपला, आणि १८२६ साली नाशिककडं फिरतीवर असताना पटकीनं गेला. मुंबईत त्यांच्या नव्या करारावर छापलेलं साल तेच, १८२६. मुंबईतून संपूर्ण शास्त्र निघायला १८४७ उजाडलं. याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी पोरवयात काम शिकले आणि त्यांनीच पुढं निर्णयसागर काढला, जिथं उत्तमोत्तम संस्कृत ग्रंथ छापले गेले. हे सांगताना आजोबांची छाती फुगायची. एकाच मुशीतले खिळे, म्हणायचे, दोन्ही शास्त्रांच्या कामी आले.

पण त्यांना सर्वांत जास्त भावली ती मृत समुद्राकाठच्या गुहेतली गोष्ट. १९४७ साली कुमरान इथं मेंढपाळ पोरांना गुहेत मातीचे रांजण सापडले आणि त्यांत चामड्याच्या गुंडाळ्या. एक होती यशयाच्या पुस्तकाची, सगळेच्या सगळे ६६ अध्याय, सात मीटरहून लांब. तोवर हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. एका पाळकांनी ही बातमी उपदेशात सांगितली तेव्हा आजोबा उपासना संपल्यावर त्यांच्याकडं गेले आणि विचारलं, “हजार वर्षांत फरक किती पडला?” पाळक म्हणाले, स्पेलिंगचे आणि बारीकसारीक पुष्कळ आहेत, पण ग्रंथ तोच आहे. आजोबांना ते रात्रभर झोपू देईना. ते म्हणायचे, मी एक गॅली जुळवतो तर तीत वीस चुका निघतात. आणि ही माणसं दिव्याच्या उजेडात चामड्यावर हातानं लिहीत होती, ती हजार वर्षं! त्या लिहिणाऱ्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत याचं त्यांना फार वाईट वाटे. छापखान्यातल्या माणसाचं नावही पुस्तकावर येत नाही, ते दुःख त्यात मिसळलेलं असावं.

आजोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी त्या गुंडाळीबद्दल आणखी वाचलं आणि एका ठिकाणी थबकले. चाळिसाव्या अध्यायात गवत, फूल आणि देवाचं वचन यांच्याबद्दल जे आहे ते आमच्या प्रत्येक दफनविधीला म्हटलं जातं. माणूस गवतासारखा सुकणारा, आणि वचन तेवढं टिकणारं, असा तिथला आशय. गवत सुकण्याचे तेच शब्द तिथं जवळजवळ दोनदा येतात. मूळ लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर राहून गेला. मग दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं तो राहिलेला मजकूर ओळींच्या मधल्या जागेत आणि समासात उतरवला आहे. वचन टिकतं असं सांगणाऱ्या जागीच ओळ सुटलेली, आणि मागून आलेल्या कुणीतरी ती भरलेली! जेरुसलेमच्या संग्रहालयात ती गुंडाळी आहे आणि तिचे फोटो कुणालाही पाहता येतात. ते पाहताना मला आमची चूल दिसली, आणि पाठमोरी आत्या. हे आजोबांना सांगायला मिळालं असतं तर! जुळाऱ्याची नजर नेमकी अशीच उडी मारते. ते हसले असते आणि म्हणाले असते, प्रूफं कुणीतरी नीट तपासली.

माझी श्रद्धा अशा दुरुस्त्या पाहून डळमळत नाही, उलट बळावते. शास्त्र आकाशातून छापील बांधणीत पडलं असतं तर त्याच्याशी माझं नातं जडलं नसतं. माणसांच्या हातून ते आलं. थकलेल्या, डोळे चुरचुरणाऱ्या माणसांच्या. आणि देवानं ते काम त्यांच्यावर सोपवलं, यातच त्याचा मोठा विश्वास दिसतो असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंचं तर सगळं आयुष्यच या कामाला लागलं. आजीची एक मावशी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली होती. सख्खी की मानलेली, याचा उलगडा मला झाला नाही. ती नगरला यायची तेव्हा ऊसाच्या रसाची खीर व्हायची आणि रमाबाईंच्या आठवणी निघायच्या. ‘बाई’ एवढंच म्हणायची ती, नाव नाही. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं रमाला. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, देवळांतून पुराणं सांगत जगलं, आणि आईबाप दुष्काळात गेले. हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या बाईच्या हाती आसामात, सिल्चरला, नवऱ्याच्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान लागलं, तेही बंगालीत. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं केडगावला दुष्काळातल्या अनाथ मुलींचा आणि विधवांचा संसार उभा केला, आणि उतारवयात मनानं घेतलं की खेड्यातल्या बाईला ऐकताक्षणी कळेल असं शास्त्र मराठीत आणायचं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

मावशी सांगायची, केडगावचा छापखाना बायकाच चालवत. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या, फर्मे दुमडून शिवणाऱ्या सगळ्या मुली. ती स्वतः शिवायला असे. दाभण लागून बोटाला पडलेला वण दाखवायची. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटी बाईंनी देवाकडं दहा दिवस मागितले, शेवटचं प्रूफ तपासलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, असं मावशीच्या तोंडून मी ऐकलं आहे. दहा दिवसांची ही गोष्ट केडगावला बाकीचेही सांगतात. पुस्तक बांधून बाहेर आलं १९२४ मध्ये. आजोबांना मिशनचं जुनं भाषांतर कानाला भारदस्त वाटे, आजी मावशीच्या बाजूनं. दोघांत यावरून कुरबूर व्हायची, पण जेवायला एकाच पाटावर बसत.

टिळकांच्या गोष्टी नगरकरांना काय सांगाव्यात! आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबांना लहानपणी टिळक पाहिल्याचं आठवत असे. खरंच पाहिले होते की ऐकून ऐकून दिसायला लागले, याची मात्र त्यांनाच खात्री नव्हती. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ ओव्यांत बांधायला घेतलं, ते १९१९ साली त्यांच्या जाण्यानं अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांचं शाळेशी कधी धड गूळपीठ जमलं नव्हतं. आमच्या आत्याला हे ऐकायला फार आवडायचं.

लग्न होऊन मी वसईला आले आणि एकदम निराळ्याच ख्रिस्ती घरात पडले. आम्ही प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. नाताळाला आमच्याकडं करंज्या आणि शंकरपाळ्या, इथं फुगे आणि इंद्याल. सासूबाई दुपारी सुकेळीचा तुकडा हातावर ठेवायच्या आणि मला विचारायच्या, तुमच्याकडं सगळेच शास्त्र घरी वाचतात, खरं का? त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ती मराठीत सुरू झाली. मला आधी वाटलं, यांना शास्त्र ठाऊक नसणार. पण त्यांना सणावाराच्या गाण्यांतून, चर्चमधल्या चित्रांतून आणि त्यांच्या आईच्या गोष्टींतून सगळं ठाऊक होतं. शिवाय आमच्या पुस्तकात नसलेलंही. तोबीतची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली. त्यात मुलगा प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्रा सोबत चालू लागतो. त्या कुत्र्यावर सासूबाईंचा फार जीव. माझ्या मुलांनी ती गोष्ट रोज रात्री मागितली, आणि नगरला आजोळी गेल्यावर माझ्या आईला ऐकवली. आईनं भुवया चढवल्या, पण ऐकून घेतली.

कॅथलिक मराठीचा वारसा तर आमच्याहून जुना. फादर थॉमस स्टीफन्स, जन्मानं इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, अकरा हजारांच्या घरातल्या ओव्या, पुढं १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही छपायांची आज एकही प्रत सापडत नाही. पोर्तुगीज सरकारनं १६८४ साली तिथल्या भाषेवरच बंदी आणली. तरी पुराण टिकलं, कारण लोकांनी ते हातानं उतरवून घेतलं होतं आणि उपवासाच्या दिवसांत गाऊन जिवंत ठेवलं होतं. मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना टिपूनं १७८४ साली धरून श्रीरंगपट्टणला नेलं, ते १७९९ पर्यंत कैदेत राहिले. त्या वर्षांत ना पाद्री ना चर्च, आणि या ओव्यांनी त्यांचा विश्वास तगवला, असं तिकडचे जुने लोक सांगत आले आहेत. १९०७ साली मंगळूरलाच ते पुराण हस्तलिखितांवरून पुन्हा छापलं गेलं. आजोबा हयात असते तर या गोष्टीसाठी ते एस.टी. धरून वसईला आले असते.

आमच्या वसईतच, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपूर्ण बायबल आजच्या मराठीत आणलं. ‘सुबोध बायबल’ २०१० साली निघालं, २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा वसईत पेढे वाटले गेले, त्यात आमचं घरही होतं. २०२४ च्या जुलैत ते गेले. आमच्या घरी आता आजीचं पुस्तक आणि फादरांचं पुस्तक एकाच कपाटात आहेत. दोन भाषांतरांत दोन शतकांची मराठी दिसते. नातवंडं तिसरं, मोबाइलमधलं वाचतात, किंवा कानात घालून ऐकतात. मला त्याचं वावडं नाही. माझी पणजी-खापरपणजीही कानांनीच शास्त्र शिकली.

मात्र एक गोष्ट मनाला लागते, ती सांगून थांबते. नगरला आणि वसईला जुनी घरं पाडली जातायत, फ्लॅट होतायत. त्या धांदलीत माळ्यावरची जुनी पवित्र शास्त्रं, उपासनेची गीतपुस्तकं, हातानं उतरवलेल्या वह्या रद्दीत जातात. मी स्वतः एका रद्दीच्या दुकानातून बस्त्यासकट एक प्रत उचलून आणली आहे. तिच्या शेवटच्या पानावर एकोणीस नावं आहेत आणि त्यांचं माणूस मला अजून सापडलेलं नाही. तुमच्या घरी असं पुस्तक असेल, मग ते कुठल्याही धर्माचं असो, तर ते देण्याआधी शेवटची कोरी पानं उघडून पाहा. तिथली मोडी लागत नसेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवा, निदान फोटो काढून भावंडांना पाठवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस अजून काही पाठ म्हणत असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ बसून ते फोनवर नोंदवून घ्या.